घरी लिथियम पॅक बांधायचा आहे, बजेट सहा हजार

दोन_पायडल
साध्या सायकलला २५० वॅटची हब मोटर लावली आहे, कंट्रोलर ३६ व्होल्ट १५ अँपिअरचा. किटबरोबरची लेड अ‍ॅसिड बॅटरी बसली. १८६५० सेल (लॅपटॉप बॅटरीत असतात ते गोल लिथियम सेल) आणून घरीच पॅक बांधावा म्हणतो. सोल्डरिंग येतं. वारजे ते शिवाजीनगर, एका बाजूने दहाएक किमी. बजेट सहा हजार, वर एक रुपया नाही. जाणकारांनी सांगावं.

मिरजकर
सहा हजारात हल्ली काय येतं? मी तयार पॅक घेतला. अठरा हजार गेले, पण दोन पावसाळे झाले, हात लावावा लागला नाही.

तपकीर_गल्ली
सेलला सोल्डर लावू नका, उष्णता थेट आत जाते. स्पॉट वेल्डिंगच करा. आणि सेल जोडायची निकेलची पट्टी बघून घ्या. निकेलचा मुलामा दिलेलं लोखंड शुद्ध निकेल म्हणून सर्रास खपवतात.

खडूस
+१ तयार पॅक. पट्टीला चुंबक लावून बघायचं, सोपं आहे.

तपकीर_गल्ली
निकेलही चुंबकाला चिकटतं हो. पट्टी खरवडून रात्रभर मिठाच्या पाण्यात ठेवा, गंजली तर लोखंड. दुसरं म्हणजे पॉझिटिव्ह टोकाला कागदी वॉशर हवाच. त्या टोपीभोवतीची कड निगेटिव्ह असते. वरचं प्लास्टिक फाटून पट्टी तिथे टेकली की शॉर्ट.

चिऊताई
माझ्या दिरांनी भंगारातल्या लॅपटॉपचे सेल काढून पॅक केला, जवळजवळ फुकटात. महिनाभर मस्त चालला, मग एक रांग बसली आणि सगळंच बंद. सासूबाई घरात ठेवू देत नाहीत, जिन्याखाली पडलाय.

तपकीर_गल्ली
ताई, जिन्याखालून आधी काढा. पेटला तर बाहेर पडायची वाटच बंद.

सह्याद्रीपुत्र
एवढी भीती आहे तर लिथियम आयर्न फॉस्फेटचे सेल घ्या ना. १२ सेल सिरीजमध्ये, ३८.४ व्होल्ट. जड होतो, पण तापून पेटायची शक्यता बरीच कमी. आपण कात्रज घाट चढतो त्यावर.

खडूस
२५० वॅटवर कात्रज? पायडल न मारता?

सह्याद्रीपुत्र
माझी १००० ची आहे. आजवर कोणी अडवलं नाही.

खडूस
अडवलं नाही म्हणून सायकल होत नाही. २५० वॅट किंवा ताशी २५ किमीच्या वर गेलात की नोंदणी, लायसन्स सगळं आलं.

मिरजकर
विषय भरकटतोय. तयार घ्या.

दोन_पायडल
९९०० एमएएच क्षमता लिहिलेले सेल ऐंशी रुपयांना दिसतायत. कसे आहेत?

तपकीर_गल्ली
१८६५० मध्ये साडेतीन हजारांच्या आसपास संपतं, ९९०० नुसतं छापलेलं. वजन करा, खरा सेल ४५ ग्रॅमच्या आसपास भरतो. चांगले २५०० चे घ्या. १० सिरीज ४ पॅरलल, चाळीस सेल, १० अँपिअर-अवर. बीएमएस, म्हणजे सेल जादा चार्ज-डिस्चार्ज होऊ न देणारं सर्किट, २० अँपिअरचा.

खडूस
चाळीस सेलमध्येच सहा हजार उडाले. बजेट वाचलंत का?

दोन_पायडल
सर्वांचे आभार. ठरलं. १० सिरीज, २ पॅरलल, वीसच सेल. ड्रिल मशीनमध्ये वापरतात ते, २५०० चे. ऑफिसात चार्जिंगची सोय आहे, एका फेरीपुरतं पुरे. वेल्डिंग गल्लीतल्या रिक्षा बॅटरीवाल्याकडून.

सह्याद्रीपुत्र
२ पॅरललवर चढाला व्होल्टेज धपकन पडणार. लिहून ठेव.

तपकीर_गल्ली
१५ अँपिअर म्हणजे सेलमागे साडेसात. ड्रिलचे अस्सल सेल असतील तर झेपेल, लॅपटॉपचे नसते झेपले. जोडण्याआधी सगळे सेल एका व्होल्टेजला आण. आणि चार्जर?

दोन_पायडल
लेड अ‍ॅसिडचा ३६ व्होल्टचाच आहे की.

तपकीर_गल्ली
तो अजिबात नको. तो ४४ च्या आसपास जातो, तुझा पॅक ४२ ला भरला. बीएमएसच्या भरवशावर रोज असं चार्जिंग करायचं नसतं. ४२ व्होल्टचा लिथियमचाच घे.

दोन_पायडल
म्हणजे अजून हजारभर?

मिरजकर
तयार पॅकबरोबर चार्जर येतो.