मदत हवी आहे: पोस्टग्रेसमध्ये फॉरेन की दुप्पट दिसतायत

नमस्कार मंडळी,
टेबलांची आपसातली नाती एका नजरेत दाखवणारं छोटं ओपन सोर्स टूल मी पायथनमध्ये लिहितोय. पोस्टग्रेस आणि मायएसक्यूएल या दोन्ही डेटाबेसवर एकच क्वेरी चालावी म्हणून इन्फर्मेशन स्कीमा (टेबलांची माहिती देणारे प्रमाणित व्ह्यू, म्हणजे वाचण्यापुरती तयार टेबलं) धरला, आणि तिथेच अडकलो.

'ऑर्डर' आणि 'परतावा' या दोन्ही टेबलांवर 'एफके_ग्राहक' याच नावाची फॉरेन की (दुसऱ्या टेबलाशी नातं जोडणारा नियम) आहे. पोस्टग्रेसला हे चालतं. नाव त्या टेबलापुरतं वेगळं असलं की पुरे. पण त्याच्या इन्फर्मेशन स्कीमातल्या, फॉरेन की नोंदवणाऱ्या रेफरेन्शियल कन्स्ट्रेंट्स व्ह्यूमध्ये टेबलाचं नावच नाही (मायएसक्यूएलमध्ये आहे), मग नावावर जॉइन केला की दोनाच्या चार ओळी! टूलच्या चित्रात नात्यांचे जादा बाण उमटतात. अशा टूलवर कोण विश्वास ठेवेल?

पीजी_कॉन्स्ट्रेंट हे पोस्टग्रेसचं स्वतःचं अंतर्गत टेबल थेट वाचलं तर उत्तर चोख येतं. दोन कॉलमांची की असेल तर त्यातले कॉनकी (या टेबलाचे कॉलम) आणि कॉनएफकी (समोरच्या टेबलाचे कॉलम) हे ॲरे एकत्र अननेस्ट करून, म्हणजे ओळींमध्ये उलगडून, जोड्याही नीट लागतात.

मग प्रत्येक डेटाबेससाठी वेगळा ॲडॉप्टर (त्या डेटाबेसपुरता कोडचा भाग) लिहू का? एसक्यूलाइट या तिसऱ्या डेटाबेसला प्राग्मा (त्याची खास आज्ञा) लागणारच आहे. की सामायिक क्वेरी ठेवून फक्त फॉरेन कीपुरती वाट वेगळी करू? असं टूल कुणी सांभाळलं असेल तर अनुभव नक्की सांगा. तिन्हींवरच्या टेस्ट कशा चालवता, तेही कळलं तर फार बरं होईल.