मदत हवी आहे: सीटबेल्ट लावलेला असताना आईला ई-चलान आलंय, कोर्टात दाद कशी मागायची? (सातारा)

उरमोडी

नमस्कार मंडळी. प्रश्न पैशाचा नाही हे आधीच सांगते. "भरून टाका आणि मोकळे व्हा" हा सल्ला घरात, शेजारी, ऑफिसात सगळीकडून मिळालाय. आई भरायला तयार नाही, आणि मला तिचं म्हणणं पटतंय.

थंडीतली गोष्ट. आई मावशीला घेऊन सकाळी लवकर दवाखान्यात निघाली होती. गाडी आईच चालवत होती, मावशी शेजारी. शहरातल्या एका चौकातल्या कॅमेऱ्याने फोटो काढला. पुढे आईच्या मोबाइलवर मेसेज आला की चालकाने सीटबेल्ट लावलेला नाही, कलम १९४ब. पोर्टलवर जाऊन फोटो बघितला. आईच्या अंगावर गडद निळी शाल आहे, ती खांद्यावरून पुढे घेतलेली. गाडीचा पट्टा काळा. शालीखाली पट्टा दिसतच नाही. मावशीची साडी फिकट रंगाची असल्यामुळे तिचा पट्टा मात्र त्याच फोटोत चांगला ठळक दिसतोय.

आई माध्यमिक शाळेत शिकवायची आणि बरीच वर्षं आर.एस.पी.चं (शाळेतल्या रस्ता सुरक्षा दलाचं) काम तिच्याकडे होतं. शाळा सुटताना शिट्टी घेऊन रस्त्यावर उभी राहायची, मुलांकडून वाहतुकीचे हात करून घ्यायची. आमच्या घरात पट्टा लावल्याशिवाय गाडीची किल्ली फिरत नाही, हा तिचाच नियम. शेजारी बसलेल्याने लावला नाही तर ती गाडी हलवत नाही. मेसेज आल्यापासून ती एकच वाक्य म्हणते, "पैसे भरले म्हणजे मी मान्य केलं असं होतं." निवृत्तीनंतर कुणी आपल्याला नियम मोडणारी म्हणावं, हे तिला फार लागलंय.

आता लोकअदालतीत तडजोडीसाठी या, असाही मेसेज आलाय. तिथे जायचं का? नाही गेलो तर काय होतं? तक्रार आधी पोलिसांकडे करायची की थेट कोर्टात? वकील लागतोच का? आणि अशा फोटोवर गुन्हा सिद्ध होतो का? अनुभव असलेल्यांनी कृपया सविस्तर सांगा.

कृष्णाकाठ

ताई, मी कराडला वकिली करतो. क्रमाने सांगतो.

पहिलं म्हणजे मेसेज खरा आहे ना, हे बघा. चलानाच्या नावाने व्हॉट्सॲपवर एपीके फाइल पाठवून फोन रिकामा करणारे खूप झालेत. लिंकवर जाऊ नका. महाट्रॅफिकच्या सरकारी पोर्टलवर गाडीचा नंबर स्वतः टाकून चलान उघडा. तुम्ही फोटो पोर्टलवरच बघितलाय म्हणजे ते खरं असणार, पण लोकअदालतीच्या मेसेजलाही हीच काळजी लागू.

कायदा असा. सीटबेल्टचं कलम १९४ब हे २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन अधिनियम, १९८८ मध्ये आलं. पट्टा न लावता गाडी चालवणं किंवा पट्टा न लावलेल्या प्रवाशाला नेणं, दोन्हीला १००० रुपये दंड आहे. तुरुंगवास नाही, त्यामुळे आईंना सांगा की घाबरण्यासारखं काहीच नाही. पोलिसांकडे किंवा पोर्टलवर जी रक्कम आपण भरतो ती कलम २०० खालची तडजोड रक्कम असते, आणि ती राज्य सरकार ठरवतं. ती भरली की प्रकरण तिथेच मिटतं, मग "मी पट्टा लावला होता" हे सांगायला कुठलीही जागा उरत नाही. म्हणून आई म्हणतात ते व्यवहारात बरोबरच आहे. लढायचं असेल तर भरू नका, आणि घरातल्या दुसऱ्या कुणी परस्पर ऑनलाइन भरून टाकणार नाही याचीही काळजी घ्या. हे फार होतं. मुलगा किंवा जावई प्रेमापोटी भरून मोकळा होतो आणि केसच संपते.

कॅमेऱ्याच्या चलानांसाठी केंद्रीय मोटार वाहन नियमांत ऑगस्ट २०२१ मध्ये नियम १६७अ आला. तुमचा खरा आधार हा. कॅमेऱ्याला मान्यता प्रमाणपत्र हवं आणि ते दरवर्षी नवं करून घ्यावं लागतं. चलानासोबत गुन्हा आणि नंबरप्लेट दोन्ही स्पष्ट दाखवणारा फोटो, तारीख, वेळ, ठिकाण, कोणतं कलम मोडलं, आणि इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र हवं. हे प्रमाणपत्र पूर्वी पुरावा अधिनियमाच्या कलम ६५ब खाली असायचं, १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली. या नियमांत दुरुस्त्या होत असतात, तेव्हा चलानाच्या तारखेला जो नियम लागू होता तोच काढून बघा.

तुमच्या बाबतीत "गुन्हा स्पष्ट दाखवणारा फोटो" या शब्दांवर सगळं आहे. फोटोत शाल दिसते. पट्टा नाही असं त्यातून दिसत नाही. पट्टा दिसत नाही एवढंच दिसतं. या दोहोंतला फरक कोर्टाला समजतो.

वाढे_फाटा

माझं मत वेगळं आहे, राग मानू नका. मी अशाच एका चलानासाठी कोर्टात गेलो होतो. रजा टाकायची, पुकारा होईपर्यंत बसायचं, मग पुढची तारीख. शेवटी कंटाळून कबूल केलं. काकूंचं वय बघता हा ताण त्यांनी घ्यावा का, याचा विचार करा. लोकअदालतीत रक्कम कमी करून मिळते, अर्ध्या दिवसात काम होतं.

उरमोडी

राग कशाला, काळजीने सांगताय ते कळतंय. पण कंटाळून कबूल करायला लागू नये म्हणूनच आधी विचारून घेतेय. आईची तब्येत ठणठणीत आहे, रोज सकाळी अजिंक्यताऱ्यावर जाऊन येते. ताण तिला कोर्टाचा नाही, खोटं मान्य करायचा आहे.

@कृष्णाकाठ, लोकअदालतीचं काय करायचं तेवढं सांगाल?

कृष्णाकाठ

लोकअदालत ही तडजोडीची जागा आहे. पट्टा होता की नव्हता याचा निवाडा तिथे होत नाही, किती भरून मिटवायचं एवढंच ठरतं. शिवाय विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम २१ प्रमाणे तिथला निवाडा अंतिम असतो, त्यावर अपील नाही. त्यामुळे तिथे भरून नंतर दाद मागू असं डोक्यात असेल तर काढून टाका.

तरीही मी तुमच्या जागी असतो तर गेलो असतो. तिथे पॅनेलसमोर शांतपणे सांगायचं, "आम्हाला तडजोड मान्य नाही, प्रकरण गुणदोषावर चालावं." तडजोडीची सक्ती कुणी करू शकत नाही. आपण टाळाटाळ केली नाही हेही दिसतं.

आणखी एक मुद्दा सांगणं माझं काम आहे. फक्त दंडाची शिक्षा असलेल्या गुन्ह्याची दखल कोर्टाने ६ महिन्यांच्या आत घ्यावी लागते, उशीर माफ केला तर गोष्ट वेगळी. खटला दाखल व्हायला त्याहून उशीर झाला तर हा बचाव घेता येतो.

उरमोडी

हे आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "मुदत संपली म्हणून सुटले, असं मला नकोय." म्हणजे तो मुद्दा आमच्याकडून बाजूला. बाकी सगळं करणार.

गॅरेज_सदरबझार

ताई, फोटो मोठा करून एक जागा बघा. चालकाच्या उजव्या खांद्यामागे जो खांब असतो, दोन दरवाज्यांच्या मधला, त्याला वरती पट्ट्याची कडी असते. पट्टा लावलेला नसेल तर तो कडीपासून खांबाला चिकटून सरळ खाली लोंबतो. लावलेला असेल तर कडीपासून पुढे, खांद्याकडे तिरका येतो. शाल खांद्यावर सुरू होते, कडी आणि खांदा यांच्यामधला टीचभर पट्टा शालीच्या बाहेरच असतो. समोरून काढलेल्या फोटोत तो तुमच्या डाव्या हाताला दिसेल, कारण आपल्याकडे स्टिअरिंग उजवीकडे.

पोर्टलवरचा फोटो बारीक केलेला असतो. मूळ फोटो मागा. त्यात ही तिरकी रेघ सापडली तर विषयच संपला.

गाडी जुलै २०१९ नंतरची असेल तर तिला पट्ट्याचा बझर असणारच, तेव्हापासून तो नव्या गाड्यांना सक्तीचा आहे. पण त्यावर फार भिस्त ठेवू नका. बझर गप्प करायच्या क्लिपा बाजारात मिळायच्या, मे २०२३ मध्ये ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑनलाइन कंपन्यांना त्या काढायला लावल्या. समोरचा म्हणेल तुम्हीही क्लिप लावली असेल. तिरका पट्टा मात्र कुणाला नाकारता येत नाही.

उरमोडी

दादा, तुमचे किती आभार मानू! आत्ता लॅपटॉपवर फोटो मोठा केला. खांद्याच्या वर एक काळी तिरकी पट्टी आहे असं मलाही वाटतंय आणि भावालाही. पण फोटो फुटतोय, ठामपणे सांगता येत नाही. मूळ फोटो कुठे मागायचा?

निवृत्त_अधीक्षक

मी न्यायालयात नोकरी केली, म्हणून कागदांचं आणि कोर्टाचं तेवढं सांगतो.

महाट्रॅफिक ॲपमध्ये चलानाविरुद्ध तक्रारीची सोय आहे. तिथे तक्रार नोंदवा आणि तिचा क्रमांक, स्क्रीनशॉट जपून ठेवा. त्यासोबत जिल्हा वाहतूक शाखेकडे लेखी अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घ्याच. तोंडी बोलण्याला पुढे काही किंमत राहत नाही. मूळ फोटो, असल्यास चित्रफीत, कॅमेऱ्याचं मान्यता प्रमाणपत्र आणि इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र यासाठी माहिती अधिकारात वेगळा अर्ज करा. त्यावर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावला की झालं, उत्तराची मुदत ३० दिवस. हा अर्ज लगेच टाका, कारण कोर्टाची तारीख लागेल तेव्हा उत्तर हातात असलेलं बरं.

प्रकरण व्हर्च्युअल कोर्टाकडे, म्हणजे चलानांच्या ऑनलाइन कोर्टाकडे गेलं तर तिथे दंड भरणे आणि केस लढवणे असे दोन पर्याय येतात. लढवणे निवडलं की ते हद्दीतल्या नेहमीच्या कोर्टाकडे वर्ग होतं. घटना सातारा शहरातली, म्हणजे साताऱ्यातलेच प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी. लांब कुठे जावं लागणार नाही.

समन्स आल्यावर त्या तारखेला आईंनी स्वतः हजर राहावं. न्यायाधीश आरोप समजावून सांगून विचारतात, गुन्हा कबूल आहे का? तिथे लांब खुलासा करू नये. "कबूल नाही" एवढंच. घाईघाईत "हो साहेब, पण शाल होती" असं म्हटलेलं बरेचदा कबुलीच्या अंगाने लिहिलं जातं. खुलाशाची वेळ नंतर येते. सिद्ध करण्याची जबाबदारी सरकार पक्षाची आहे. त्यांच्या साक्षीदाराला आई स्वतः प्रश्न विचारू शकतात: तुम्ही गाडी प्रत्यक्ष पाहिली का, फोटोत पट्टा खांबाला लोंबताना दाखवता येईल का, शालीखाली पट्टा नव्हता हे कशावरून? मावशी बचावाच्या साक्षीदार होतील.

वकील सक्तीचा नाही. पण हवा असेल तर जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं. स्त्रियांना तिथे मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट त्यांना नाही. १५१०० ही हेल्पलाइनही आहे. हा हक्क आहे, संकोच करू नये.

उरमोडी

काका, "कबूल नाही" एवढंच, हे आईने वहीत लिहून घेतलंय. खाली अर्जाचा मसुदा टाकतेय, आईनेच लिहिलाय. काही खटकलं तर सांगा.

*विषय: कलम १९४ब खालील ई-चलान रद्द करण्याबाबत.*

*महोदय, वरील चलान माझ्या वाहनावर झाले असून वाहन मी स्वतः चालवत होते. त्या वेळी मी सीटबेल्ट लावलेला होता. थंडीमुळे अंगावर शाल होती, त्यामुळे कॅमेऱ्याला पट्टा दिसला नसावा. शेजारी बसलेल्या माझ्या बहिणीने लावलेला पट्टा त्याच छायाचित्रात दिसतो. मी आर.एस.पी.चे काम पाहिलेली निवृत्त शिक्षिका असून नियमांचा मला आदर आहे. तरी मूळ छायाचित्र तपासून चलान रद्द करावे, ही विनंती.*

निवृत्त_अधीक्षक

अर्ज चांगला आहे, अक्षरही चांगलं असणार. दोन बदल करा. "दिसला नसावा" काढा, तो अंदाज झाला. त्याऐवजी "माझ्या उजव्या खांद्यावर शाल असून छायाचित्रात पट्टा नसल्याचे कोठेही दिसत नाही" असं लिहा. आणि "मूळ छायाचित्र माझ्या समक्ष तपासावे" असं घाला, म्हणजे बोलावणं आलं तर खांबाजवळची जागा तिथेच बोट ठेवून दाखवता येईल. चलान क्रमांक, गाडी क्रमांक, तारीख आणि वेळ विषयातच हवेत, नाहीतर अर्ज कुठल्या कागदाला जोडायचा ते कळत नाही.

आर.एस.पी.चं वाक्य कायद्याच्या दृष्टीने लागत नाही, पण राहू द्या. खरं आहे ते.

वाढे_फाटा

खांबाजवळचा पट्टा कुठे बघायचा हे मला तेव्हा कुणी सांगितलं असतं तर मीही कबूल केलं नसतं. काकूंना माझा नमस्कार सांगा. तारखेला सोबतीला कुणी लागलं तर इथेच कळवा, मी साताऱ्यातच असतो.

उरमोडी

सांगते दादा. दोन्ही बदल केले, ॲपवर तक्रार नोंदवली, माहिती अधिकाराचा अर्जही तयार आहे. सोमवारी आई आणि मी दोन्ही अर्ज घेऊन जातोय, मावशीही येते म्हणालीय. मूळ फोटो हातात आला की त्यात काय दिसतंय ते इथे कळवीन. कारण शाल, ओढणी, पदर यामुळे असं चलान आलेल्या आणखी बायका असतीलच. त्यांनीही कृपया इथे लिहावं.