१७ किलोचा ब्रेकर, दोन कार्बन आणि जाऊन-येऊन भाडं

ठोकपीट (धागाकर्ता)

सरळ मुद्द्यावर येतो. माझा ब्रेकर, म्हणजे काँक्रीट फोडायचा डेमोलिशन हॅमर, वजन १७ किलो, आठव्या महिन्यात बंद पडला. आधी दोन दिवस अडखळत चालत होता. बटण दाबलं की कधी सुरू, कधी नाही. मग एकदम ठप्प. वॉरंटी वर्षाची, म्हणून निवांत होतो. फोन केल्यावर कळलं की मशीन सेवा केंद्रात पोचवायची जबाबदारी ग्राहकाची. कार्डावर बारीक अक्षरांत ते लिहिलेलंही आहे. पार्ट आणि मजुरी त्यांची, वाहतूक माझी.

खोक्यात घालून, भोवती फोम ठासून काट्यावर ठेवलं तर २१ किलो भरलं. पाठवलं. नऊ दिवसांनी निदान आलं: मोटरला वीज पोचवणारे कार्बन (ब्रश) संपलेत, कार्बन हा झिजणारा भाग, तो वॉरंटीत बसत नाही. म्हणजे जातानाचं भाडं माझं, येतानाचं माझं, तपासणीचे पैसे माझे आणि कार्बनचेही माझे. दोन्ही वेळचं भाडं मिळून नव्या ब्रेकरच्या किमतीच्या पाव हिश्शावर गेलं. ज्याच्यासाठी एवढा खटाटोप केला ती कार्बनची जोडी त्या किमतीचा एक टक्काही नाही.

माझं म्हणणं असं की वॉरंटीच्या काळात जड मशीनचं भाडं दोन्ही बाजूंनी कंपनीनंच सोसावं. एका हातात मावणाऱ्या ड्रिलला आणि १७ किलोच्या ब्रेकरला एकच नियम लावला की जड मशीनची वॉरंटी कागदावरच राहते. मतं मांडा. शिव्या घालायच्या तर कारणासकट घाला.

हिशेबी

कारणासकट घालतो. कंपनीनं सोसायचं म्हणजे नक्की कुणी? ते भाडं मशीनच्या किमतीत मिसळणार. जो केंद्राच्या शेजारी राहतो आणि मशीन खांद्यावर मारून नेतो, तोही तुमचं भाडं भरणार. मशीन घेताना केंद्र किती लांब आहे हे बघितलं होतंत का? लोक वॅट बघतात, ज्यूल बघतात, सूट किती ते बघतात. केंद्राचं अंतर बघायचं सुचतं ते मशीन बंद पडल्यावर.

ठोकपीट

वॉरंटीत तेच तर होतं! ज्याचं आर्मेचर (मोटरचा फिरणारा भाग) जळतं त्याच्या आर्मेचरचे पैसे न जळलेलेच भरतात. आर्मेचर सगळ्यांत वाटून घेतलेलं चालतं, मग भाड्यानं काय घोडं मारलंय?

पटाशी

धागाकर्त्यांशी सहमत. माझ्याकडे चाळीस वर्षांचा अनुभव वगैरे नाही, पण टेबल सॉ, म्हणजे टेबलात बसवलेली लाकूड कापायची करवत, पाठवायचा भाव विचारला आणि तो गुपचूप कोपऱ्यात ढकलून ठेवला. आजही तिथंच आहे. वर रंगाचे डबे ठेवतो.

हिशेबी

टेबल सॉचं दुखणं वेगळं आहे. कुरियर आणि विमानानं जाणाऱ्या मालाला नुसतं वजन लावत नाहीत. खोक्याची लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि बहुतेक ठिकाणी ५००० नं भागायचं. जो आकडा येतो ते आकारमानी वजन. ते आणि काट्यावरचं वजन यांत जे जास्त, त्याचं भाडं. ८० × ७० × ४५ चं खोकं म्हणजे ५०.४ किलो. आतला टेबल सॉ २८ किलोचा असला तरी तुम्ही जवळजवळ निम्मं भाडं हवेचंच भरणार.

ब्रेकरचं खोकं ८० × ३५ × ३० धरलं तर १६.८ येतात, म्हणून तिथं काट्यावरचे २१ लागले. ब्रेकरमध्ये हवा नाही, लोखंड आहे. तेव्हा धागाकर्त्यांना कुणी फसवलेलं नाही, त्यांनी लोखंडाचं भाडं भरलं. रस्त्यानं पाठवलं तर भागाकाराचा आकडा वेगळा असतो आणि भाडंही कमी पडतं. घाई नसेल तर तोच मार्ग धरा.

बेंचवाला

मी टेबलाच्या पलीकडचा माणूस, सेवा केंद्रात तुमची पार्सलं उघडणारा. त्यामुळे जरा लांब लिहिणार आहे.

आधी निदानाबद्दल. कार्बन कम्युटेटरवर, म्हणजे आर्मेचरच्या टोकाच्या तांब्याच्या कड्यावर, घासूनच आर्मेचरला वीज पोचवतो. झिजणं हा त्याचा दोष नाही, नोकरी आहे. बऱ्याच मोठ्या मशीनच्या कार्बनच्या पोटात एक बारीक स्प्रिंग असते आणि तिच्यापुढे वीज न वाहणारी खुंटी. कार्बन ठरावीक लांबीपर्यंत झिजला की खुंटी बाहेर येते, कार्बन कम्युटेटरवरून उचलला जातो आणि मशीन थांबतं. धागाकर्त्यांचं मशीन बिघडलं नव्हतं हो, बहुधा त्यानं स्वतःला थांबवलं होतं. ती खुंटी नसती आणि तुम्ही तसंच रेटत राहिला असता, तर कार्बनमागची स्प्रिंग कम्युटेटरवर घासून चर पडले असते, आणि मग जोडीवर भागलं नसतं.

आता भाडं फुकट करण्याबद्दल. परवा आमच्याकडे एक ब्रेकर आला, छिन्नी लावलेलीच. छिन्नीनं खोक्याला आतून भोक पाडून टोक बाहेर काढलेलं, पुढचं हँडल मोडलेलं, तळाचा पुठ्ठा ग्रीसनं काळा. हँडल कुणी भरून द्यायचं? पाठवणारा म्हणतो वाहतुकीत मोडलं. वाहतूकवाला म्हणतो पॅकिंग धड नव्हतं. दोघांचंही खरं होतं. कंपनीनं भाडं अंगावर घेतलं की ही भांडणंही तिच्याच गळ्यात येणार. म्हणून ती घेत नाही. छिन्नी, हँडल, खोली मोजायची पट्टी काढून वेगळं गुंडाळा, मशीन खोक्यात हललं नाही पाहिजे, एवढं तरी करा.

आणि आमच्या रॅकवर वरच्या फळीवर बेवारस मशीनं आहेत. दुरुस्तीचा अंदाज कळवला, मालकाला जास्त वाटला, त्यानं नको म्हटलं. मग मेलेलं मशीन परत मागवायचंही भाडं पडणार म्हटल्यावर त्यानं फोन उचलणंच बंद केलं. हे मला दिसत नाही असं नाही.

कानस

बेंचवाले, तुमचं सगळं पटलं. पण त्यातूनच उलटा निष्कर्ष निघतो.

दोन दिवस अडखळत चालला, जळका वास नाही, धूर नाही, आठ महिने वापर. एवढं फोनवर ऐकून तुमच्यासारख्या माणसाला कार्बनची शंका यायलाच हवी. मोटर फिरते पण ठोका बसत नाही, तर ओ-रिंग किंवा पिस्टनकडे बघायचं. कम्युटेटरभोवती ठिणग्यांचं पूर्ण कडं दिसतं, तर आर्मेचर. दोन मिनिटांच्या व्हिडिओत निम्मं निदान होतं. मग केंद्रानं तो मागितला का नाही?

कारण भाडं त्याचं नव्हतं. ज्याच्या खिशातून भाडं जातं तोच पाठवण्याआधी प्रश्न विचारतो. आज केंद्राला एका वाक्यात मोकळं होता येतं, ‘पाठवून द्या, बघू.’ भाडं त्यांच्या माथी मारा, उद्या सकाळपासून व्हिडिओ मागायला लागतील आणि कार्बनची जोडी पाकिटात घालून पाठवतील. वादाचा मुद्दा भाडं कुणाचं हा नाहीच. ५० ग्रॅमही नसलेल्या दोन कार्बनांसाठी २१ किलो का हलले, हा आहे.

हिशेबी

आणि भाडं फुकट झाल्यावर ग्राहक काय करणार? मॅन्युअल उघडणारच नाही. केबल आत तुटली, पाठव. बटणात धूळ गेली, पाठव. तुमचाच नियम दुसऱ्या बाजूला लावून बघा. खिशाला चाट नसली की प्रश्न कुणीच विचारत नाही, केंद्रही नाही आणि मालकही नाही.

पटाशी

मग दोष निघाला तर कंपनी दोन्ही भाडी देईल, झीज निघाली तर मालक देईल. संपला वाद.

बेंचवाला

संपत नाही, तिथं सुरू होतो. आर्मेचर जळालं. आतल्या तारेचं वाइंडिंगच कच्चं होतं, की तुम्ही लांबलचक बारीक एक्स्टेंशन वायरवर, व्होल्टेज पडलेलं असताना दिवसभर चालवलंत? जळालेलं तांबं दोन्ही वेळा काळंच दिसतं. आज मी निदान करतो तेव्हा भांडण पार्टच्या किमतीचं असतं. उद्या त्यात दोन भाडी मिसळली की प्रत्येक निदानावर खटला उभा राहील.

नियमावली

युरोपीय संघात यावर कायदा आहे, म्हणून सांगतो. २०१९ च्या ७७१ क्रमांकाच्या निर्देशानुसार मालात दोष असेल तर दुरुस्ती मोफत करून द्यायची, आणि ‘मोफत’ या शब्दाच्या व्याख्येतच टपाल, वाहतूक, मजुरी आणि साहित्य हे सगळं धरलेलं आहे. म्हणजे धागाकर्ते मागतायत ते अगदीच हवेतलं नाही.

पण दोन खाचाखोचा आहेत. एक, ही जबाबदारी विक्रेत्याची आहे आणि घरगुती ग्राहकापुरती. धंद्यासाठी घेतलेलं मशीन त्यात बसत नाही. दोन, झिजलेला कार्बन हा दोष धरला जाणं अवघडच. २०२४ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचा वेगळा निर्देश आला (क्रमांक १७९९). त्याच्या यादीत वॉशिंग मशीन आहे, फोन आहे, वेल्डिंगचं मशीन आहे. ड्रिल आणि ब्रेकर नाहीत.

ठोकपीट

वेल्डिंग आहे आणि ब्रेकर नाही? बरोबर आहे म्हणा, आमचा आवाजच इतका की कुणाला आमचं ऐकू येत नसणार.

चार्जिंग

बॅटरीवाल्यांचीही व्यथा ऐका. तुमचं जड तर आमचं ज्वालाग्राही. लिथियम-आयन बॅटरी धोकादायक मालात मोडते. १८ व्होल्ट ५ अँपिअर-तासाची बॅटरी ९० वॉट-तास होते, त्यामुळे १०० च्या मर्यादेत निसटते. ६ ची घेतलीत तर १०८, की नियम कडक. सुटी बॅटरी प्रवासी विमानातून माल म्हणून न्यायला २०१६ पासून बंदी आहे. आणि बॅटरी फुगलेली किंवा सदोष असेल तर विमानानं पाठवताच येत नाही, मालवाहू विमानानंही नाही.

आता गंमत बघा. बॅटरी सदोष आहे म्हणूनच तर मला ती पाठवायची होती! शेवटी नुसतं मशीन पाठवलं. केंद्राचं उत्तर: मशीन ठीक आहे, बॅटरी पाठवा.

हिशेबी

हे मात्र वाईट आहे. इथं मी कंपनीची बाजू घेणार नाही.

कानस

नोंद घ्या मंडळी, हिशेबी नरमले.

जड मशीनकडे परत येतो. वॉरंटी संपलेली असेल तर अख्खं मशीन पाठवणं हा शुद्ध वेडेपणा आहे. माझ्या चॉप सॉचं आर्मेचर गेलं तेव्हा मी तेवढंच काढलं, पंख्याची पाती वाकू नयेत म्हणून प्लास्टिकच्या पाइपच्या तुकड्यात सरकवलं, दोन्ही टोकांना चिंध्या ठासल्या आणि रिवाइंडिंगला (तार नव्यानं गुंडाळायला) पाठवलं. तळपाट, गार्ड, शिकंजा सगळं घरीच राहिलं. उघडताना प्रत्येक टप्प्याचा फोटो काढला होता, तरी जोडताना एक वॉशर हातात उरलाच. परत उघडलं, बेअरिंगमागे त्याची जागा सापडली.

बेंचवाला

तो वॉशर बोललातच, तर माझं ऐका. ही मशीनं दुहेरी इन्सुलेशनची असतात. नेमपाटीवर चौकोनात चौकोन अशी खूण असेल तर अर्थिंगची तार नाहीच. तुमच्या आणि विजेच्या मध्ये फक्त इन्सुलेशनचे दोन थर. जोडताना एखादी वायर कव्हरखाली चेमटली तरी मशीन छान चालेल, आणि कधीतरी ओल्या हातानं धरणाऱ्याला दणका बसेल. आम्ही दुरुस्तीनंतर ५०० व्होल्टचा मेगर, म्हणजे इन्सुलेशन तपासायचं उपकरण, लावून बघतो. तुम्ही लावला होता?

कानस

नाही लावला. मान्य. तुमचा हा एक मुद्दा मला खोडता येत नाही. आता कुणाकडून तरी आणून लावतो. पण कार्बन बदलायला आर्मेचरपर्यंत जावं लागत नाही, त्यामुळे मूळ तक्रार तिथंच राहते. कित्येक मशीनना बाजूला दोन टोप्या असतात. मोठ्या स्क्रूड्रायव्हरनं फिरवल्या की कार्बन आपोआप बाहेर येतो. तो काढून बघायला वॉरंटी कशी जाईल? काही ब्रेकरवर तर कार्बन संपत आले की आधीच दिवा लागतो.

ठोकपीट

माझ्या ब्रेकरला बाहेर टोप्या नाहीत. मागचं काळं कव्हर आहे, चार स्क्रूंचं, आणि कार्बन त्याच्या आत. दिवाही नाही. परत आल्यावर आता उघडून बघितलं. चार स्क्रू, दोन स्प्रिंगा, दहा मिनिटं. जुने कार्बन त्यांनी पिशवीत घालून पाठवलेत, नखाएवढे उरलेत, आणि बेंचवाले म्हणतात ती पांढरी खुंटी दोन्हींतून बाहेर डोकावतेय. म्हणजे निदान खरं होतं. राग त्याचा नाहीच.

राग हा की कार्डावर लिहिलंय, ‘अनधिकृत व्यक्तीने मशीन उघडल्यास वॉरंटी रद्द.’ म्हणून मी त्या चार स्क्रूंना हात लावला नाही आणि २१ किलो पाठवले.

हिशेबी

मॅन्युअल आहे का जवळ? मागच्या पानांवर देखभालीचा भाग असेल. कार्बन बदलायचं चित्र आहे का बघा. चित्र असेल तर ते काम मालकानं करायचं असा अर्थ होतो, आणि मग तुमची बाजू पडते.

ठोकपीट

बघितलं. चित्र आहे. कव्हर काढलेलं, स्क्रूड्रायव्हर धरलेला एक हात, कार्बनकडे बाण. खाली ओळ आहे: ‘हे काम अधिकृत केंद्राकडूनच करून घ्यावे.’

हिशेबी

मग चित्र काढलं कशाला?

बेंचवाला

ते आमच्यासाठी असतं. आम्ही बघत नाही.