‘गळती’ म्हणायचं की गुन्हा?

रानवट: परवा कोणीतरी लिहिलं, ‘इकोसाइड, म्हणजे निसर्गाचा संहार, वगैरे भडक शब्द नकोत, अपघाताला अपघात म्हणा.’ डोकं फिरलं, म्हणून सविस्तर. 2010 साली मेक्सिकोच्या आखातातली डीपवॉटर होरायझन या तेल-फलाटाची विहीर 87 दिवस समुद्रात तेल ओकत होती, आणि सगळीकडे छापून काय येत होतं? ‘तेलगळती’! गळती नळाला लागते हो. भोपाळसुद्धा ‘वायू दुर्घटना’च. म्हणजे कोणी काही केलं नाही, आपलं आपणच झालं.

तोलूनमापून: लिहिणारा मीच. संहार म्हटलं की हेतू आला. मासे मारायला कोणी तेलविहीर खोदत नाही.

रानवट: इकोसाइडच्या व्याख्येचा 2021 चा तज्ज्ञांचा मसुदा वाचायची तसदी घ्या. हेतू लागतच नाही. गंभीर आणि व्यापक किंवा दीर्घकाळ टिकणारी हानी होण्याची दाट शक्यता ठाऊक असून बेकायदा किंवा बेफिकीर कृत्य केलं, की पुरे. 2024 मध्ये वानुआतू, फिजी आणि सामोआने हा गुन्हा आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाच्या कक्षेत आणायचा रीतसर प्रस्तावही दिलाय.

जुना_ऑपरेटर: शब्दांचं राहू द्या, आत कोण जाणार ते सांगा. मी रसायनांच्या कारखान्यात पाळीवर होतो. सांडपाण्याची टाकी भरत आली की वरून फोन यायचा, ‘रात्री व्हॉल्व्ह उघडा.’ फोनची नोंद कुठेच नाही. वहीत ‘ओव्हरफ्लो’ लिहायचो मी, खाली सही माझी.

तोलूनमापून: पण उघडलात ना?

जुना_ऑपरेटर: उघडला! पोरं शिकत होती. तुम्ही राजीनामा फेकला असता का? इथे टाइप करताना सगळेच हरिश्चंद्र.

तोलूनमापून: चिडू नका. असे उघडणारे हात होते म्हणूनच वरच्यांचं फावलं.

चिमूटभर: अहो, त्यांच्यावर काय घसरताय? भोपाळचा निकाल 2010 मध्ये, म्हणजे पंचवीस वर्षांनी. निष्काळजीपणाचं कलम, दोन वर्षं शिक्षा आणि लगेच जामीन. युनियन कार्बाइडचा तेव्हाचा प्रमुख वॉरन अँडरसन खटल्याला उभाच राहिला नाही.

रानवट: म्हणूनच म्हणतोय! रोम संविधी, म्हणजे त्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाचा मूळ करार, त्याच्या कलम 28 मध्ये हाताखालच्यांच्या गुन्ह्यांसाठी वरिष्ठांना जबाबदार धरता येतं.

तोलूनमापून: बरं बाबा, ‘गळती’ मागे घेतली. ‘संहार’ मात्र म्हणणार नाही. आता पेढे वाटा.

जुना_ऑपरेटर: पेढे नंतर. त्या कलमात फोनचा पुरावा कसा धरतात, तेवढं कोणी सांगेल का?