बाकड्यावरची माणसं : दुसऱ्या पालकाकडून मिळालेली एक गोष्ट सांगा (अनुभव धागा)

इंदूरला उशिरा बोलणाऱ्या, ऑटिझम असलेल्या अशा मुलांच्या ज्या सेंटरमध्ये आम्ही लेकाला नेतो तिथे थेरपी पाऊण तास चालते. दार बंद होतं, आत आपलं पोर रडतं आणि बाहेर एक लाकडी बाकडं असतं. पहिल्या दिवशी मी त्यावर फाईल पोटाशी धरून बसले होते. शेजारच्या बाईंनी काही विचारलं नाही. पर्समधून सेव-परमलची पुडी काढून पुढे केली आणि म्हणाल्या, "खा. पहिल्या दिवशी इथे कोणीच घरून खाऊन येत नाही." लेक तेव्हा 2 वर्षं 10 महिन्यांचा होता, आता सात वर्षांचा आहे. त्या पुडीपासून जमत गेलेली आमची चौदा घरं आहेत, निम्मी मराठी, बाकी मालवी, सिंधी, गुजराती.

डॉक्टरांनी काय सांगितलं ते फायलीत आहेच. इथे लिहा ते दुसऱ्या पालकाकडून काय मिळालं ते. मनस्ताप मिळाला असेल तर तोही लिहा. मुलांची, डॉक्टरांची, शाळांची नावं नकोत. आणि 'अमक्या चूर्णानं आमचा बोलायला लागला' हे तर अजिबात नको, हात जोडते.

बाबा, लोकमान्यनगर

आम्हाला सांगितलं गेलं की घरात मराठी, गल्लीत हिंदी, प्लेस्कूलमध्ये इंग्रजी, त्यामुळे मुलगा गोंधळलाय. एकच ठेवा, हिंदी. ठेवली. माझी आई जन्मापासून इंदूरची. हिंदी फर्डी, भाजीवाल्याशी भांडते ती हिंदीतच. पण नातवाला मांडीवर घेतलं की तिची बोलती बंद. "झोपवायला हिंदी कुठून आणू रे?" आठ महिने तिनं त्याला नुसतं थोपटलं.

मग बाकड्यावर एका गुजराती बाबांनी विचारलं, "घर में भी हिंदी? क्यों भिया?" त्यांच्या मुलीला ऑटिझम आहे, घरात पहिल्यापासून गुजराती, आणि ती दुकानात हिंदीही बोलायला लागली होती. आम्ही दुसऱ्या स्पीच थेरपिस्टकडे गेलो. त्या म्हणाल्या, दोन भाषांमुळे बोलणं लांबत नाही. फक्त शब्द मोजताना दोन्हीकडचे मिळून मोजा. आणि आजी ज्या भाषेत मोकळी होते त्याच भाषेत ती त्याच्याशी जास्त बोलणार, ते तोडू नका.

पहिला स्पष्ट शब्द 3 वर्षं 4 महिन्यांचा असताना आला. दुधाचा पेला हातानं लोटला आणि म्हणाला, "नको." दूध फरशीभर. आई तशीच उठून पेढे आणायला गेली. मुलानं दूध नाकारलं म्हणून पेढे, दुकानदाराला काय सांगणार!

आई, सुदामानगर

माझं छोटंसं. बाकड्यावर एक ताई म्हणाल्या, "कान तपासलेत का?" मी जवळजवळ भांडलेच. टीव्ही लागला की पळत येते की ती! पण हाक मारली की वळत नव्हती, हेही खरंच. त्यांनी बेरा टेस्टचं सांगितलं. त्यात डोक्याला तारा लावून आवाज कानातून मेंदूपर्यंत पोचतो का ते बघतात. पोर झोपलेलं लागतं, आणि इथेच सगळ्यांची फजिती होते. ताईंचा हुकूम: पहाटे चारला उठवा, रिक्षेत डोळा लागू देऊ नका, दूध तिथेच पाजा. आम्ही दोघं तिला गार पाण्याचा हात लावत, टाळ्या वाजवत राजवाड्यावरून गेलो. रिक्षावाला आरशातून बघत होता. दोन्ही कानांत दोष निघाला. यंत्रं बसली. ज्या शाळेनं 'बच्ची ज़िद्दी है' लिहून दिलं होतं, ती आम्ही सोडली.

आजी, रामबाग

मी गुन्हेगार म्हणून लिहिते आहे. नातू दीड वर्षाचा असल्यापासून सून सांगत होती, हा बोट दाखवत नाही, डोळ्यांत बघत नाही. मी म्हणायची, मुलगे उशिराच बोलतात, याचा बापही तीनला बोलला. बाप बोलला उशिरा, पण बोट दाखवून घर डोक्यावर घ्यायचा. हा फरक मला कोणी सांगितला असता तर? सांगितला तो बाकड्यावरच्याच एका आजीनं, सराफ्यात राहणाऱ्या. दोन वर्षांच्या मुलानं 'पाणी दे', 'बाबा ये' असे दोन शब्द जोडायला हवेत, आणि जोडत नसेल तर वाट बघायची नाही, असंही त्याच म्हणाल्या. आम्ही एक वर्ष घालवलं. ते मीच घालवलं.

आता आम्ही दोघी आज्या मंगळवारी एकत्र जातो, मुलांच्या आया नोकरीवर. परत येताना जिलबी घेतो, नातवांना नाही, आमच्यासाठी.

बाबा, बँकवाले

चौदा घरांत कागदांचं खातं माझ्याकडे आहे. लोक थेरपी शोधतात आणि कागद मागे ठेवतात, मग मूल दहा वर्षांचं झालं की धावपळ. म्हणून थोडं सांगतो. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकार आहेत. ऑटिझम, बौद्धिक अक्षमता, सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या इजेमुळे हालचालींची अडचण), शिकण्यातली विशिष्ट अडचण हे सगळे त्यात येतात. 40 टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्वाचं प्रमाणपत्र असेल तर 6 ते 18 वर्षं मोफत शिक्षणाचा हक्क. यूडीआयडी कार्ड, म्हणजे देशभर चालणारं दिव्यांग ओळखपत्र, काढा. आपल्या मध्य प्रदेशात कुठेही गेलात तरी समग्र आयडी (राज्याचा कुटुंब-ओळख क्रमांक) आधी मागतात, त्यात मुलाचं नाव आणि स्पेलिंग आधारसारखंच आहे ना ते बघा. माझ्या मुलाच्या नावात एक 'ए' जास्त होता, त्या एका 'ए'पायी तीन चकरा.

नॅशनल ट्रस्ट या केंद्र सरकारच्या संस्थेची निरामय ही आरोग्य विमा योजना आहे, वर्षाला एक लाखापर्यंत, आणि घेण्याआधी वैद्यकीय तपासणी नाही. आयकरात दिव्यांग मुलाच्या सांभाळासाठी (1961 च्या कायद्यातलं कलम 80 डीडी) 75,000 ची वजावट मिळते, अपंगत्व 80 टक्के किंवा जास्त असेल तर 1,25,000, पण जुनी कररचना घेतली तरच. आमच्यातल्या दोघांचे सीए हे विसरले होते. काम अडलं तर मंगळवारची कलेक्टर कचेरीतली जनसुनवाई. मी एका आईबरोबर गेलो होतो. ती आत बोलली, मी फक्त फाईल धरून उभा होतो. नंतर म्हणाली, तुम्ही मागे होता म्हणून आवाज निघाला.

गट सोडलेली आई

कडू लिहिते, चालेल ना? मी दीड वर्षात बाहेर पडले. गटातल्या एका घरचा मुलगा आणि माझा, दोघे एकाच महिन्यात थेरपीला लागले. त्यांचा बोलू लागला, रंगपंचमीला गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, बघायला गेला, त्याचा व्हिडिओ आला. माझा त्या दिवशी कान दाबून पलंगाखाली होता, ढोल तीन गल्ल्या पलीकडे असूनही. तुमचा आनंद खोटा नव्हता, पण मला तो गिळता आला नाही.

दुसरं कारण पैसे. एकानं गटात स्टेम सेलच्या (मूळ पेशींच्या) उपचाराची माहिती टाकली आणि मी दिरांकडून कर्ज काढायला निघाले. अडवलं ते याच बाकड्यावरच्या एका फार्मासिस्ट बाबांनी. 2017 च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे रक्ताचे वगैरे ठरावीक आजार सोडले तर स्टेम सेल फक्त क्लिनिकल ट्रायलमध्ये (उपचाराच्या मंजूर चाचणीत) देता येतात, आणि ट्रायलमध्ये पेशंटकडून पैसे घेत नाहीत. "पैसे मागितले म्हणजे ट्रायल नाही, इतकं लक्षात ठेवा," म्हणाले. दिरांकडे गेले नाही. गटात परतले नाही, पण त्या फार्मासिस्ट बाबांच्या बायकोशी रोज बोलते.

आई, मुलगा 19 वर्षांचा

तुमची मुलं लहान आहेत, पुढचं सांगते. अठरा पूर्ण झाले की आई-बाप कायद्यानं आपोआप पालक राहत नाहीत. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता, बहुविकलांगता यांसाठी 1999 च्या नॅशनल ट्रस्ट कायद्याखाली कलेक्टरांच्या अध्यक्षतेखालच्या समितीकडे अर्ज करून पालकत्व घ्यावं लागतं. मला हे बँकेत कळलं, त्याच्या खात्यातून पैसे काढायला गेले तेव्हा. माझ्यामागे तीन आया उभ्या राहिल्या, एकीनं फॉर्म भरला, एकीनं माझ्या घरी पोळ्या केल्या, तिसरी नुसती बसली.

आणि हे वाचून हसा. आमच्या चिरंजिवांना लहानपणापासून वस्तू लावायचं वेड. डाळीत तांदूळ दिसला की वेगळा. थेरपीत या वेडाचं नाव काहीतरी अवघड होतं. इंदूरमध्ये कचरा सहा भागांत वेगळा करावा लागतो, आणि बिल्डिंगमधले इंजिनियर ओला-सुका एकत्र टाकतात. हा सकाळी कचरागाडीचं गाणं ऐकून खाली उतरतो, प्रत्येकाचा डबा उघडून बघतो. बॅटरी सुक्यात दिसली की परत करतो, वर घरापर्यंत जाऊन. बोलत नाही, नुसता हात पुढे करतो. तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी तक्रार केली होती. गाडीवाले भिया त्यांना म्हणाले, "साब, गलत तो आपका डब्बा है." महिन्याला सोसायटी त्याला थोडे पैसे देते. पहिल्या महिन्याच्या पैशांतून त्यानं सहा रंगांच्या टोपल्या आणल्या. घरात, आमच्यासाठी!

मोठी बहीण, बी.कॉम. दुसरं वर्ष

पालक नाही, तरी लिहिते. बाकड्याच्या टोकाला मी गृहपाठ करत बसायचे. एका काकूंनी एकदा आईला विचारलं, "हिची तिमाही कशी झाली?" त्या वर्षी घरात मला हे कोणी विचारलं नव्हतं. आई गप्प झाली. दुसऱ्या दिवसापासून आईबाबा पाळीपाळीनं जायला लागले, एक भावाबरोबर, एक माझ्याबरोबर.

आत्ताच आलेली आई

सगळं वाचलं, दोनदा. मुलगी 2 वर्षं 2 महिन्यांची. येत्या सोमवारी 11 वाजता पहिली अपॉइंटमेंट आहे. हे येऊ शकत नाहीत, सासूबाईंना अजून सांगितलेलं नाही. काय काय आणू?

सेव-परमलवाल्या ताई

मुलीचा कपड्यांचा जोड, पाणी, जन्माच्या वेळचे डिस्चार्जचे कागद. तिच्या आवडीचं खेळणं एकच आणा, दोन नको. खिडकीकडच्या टोकाला बसा, तिथलाच पंखा चालतो. पुडी मी आणते.