मदत हवी आहे: नायजेरियाच्या तेल-महसुलाचा हिशेब कसा मांडावा?

नायजेरियाच्या 2025 च्या अर्थसंकल्पात तेलाचा भाव बॅरलला 75 डॉलर, उत्पादन रोज 20.6 लाख बॅरल आणि डॉलरला 1500 नायरा (तिथलं चलन) असा दर धरला होता. यांचा सरळ गुणाकार केला की महसूल भलताच फुगतो. या उत्पादनात कंडेन्सेट (नैसर्गिक वायूसोबत मिळणारं हलकं द्रव तेल) धरलेलं आहे, ओपेक या तेल-उत्पादक देशांच्या संघटनेने नायजेरियाला दिलेल्या रोज 15 लाख बॅरलच्या कोट्यात ते नसतं, म्हणून दोन्हींची थेट वजाबाकी चुकीची. 2023 च्या तेल-तारण कर्जापोटी द्यायची बॅरलंही आधी वजा करावी लागतात, आणि तेल-उत्पादक राज्यांचा 13 टक्के वाटा तर केंद्र-राज्यांतल्या वाटपाआधीच कापला जातो.

खरी अडचण नायराची आहे. जून 2023 मध्ये नायराचा दर बाजारावर मोकळा सोडल्यावर डॉलर प्रचंड महागला. त्यामुळे तेलाचा भाव पडला तरी नायरात महसूल वाढलेला दिसतो. परकीय कर्जाचा हप्ताही तसाच फुगतो. मग सगळं डॉलरमध्ये मांडून शेवटी नायरात आणावं का?

दुसरं, नायजेरियातल्याच खासगी डांगोटे रिफायनरीला (क्षमता रोज 6.5 लाख बॅरल) ऑक्टोबर 2024 पासून काही कच्चं तेल डॉलरऐवजी नायरात मिळू लागलं. त्याचे निर्यातीचे डॉलर बुडतात, पण पेट्रोल आयातीचे वाचतात. हे कोणत्या रकान्यात दाखवता? 2027 च्या निवडणुकीआधी पेट्रोल-अनुदान परत येण्याची शक्यताही कुणी हिशेबात धरली असेल, तर रीत कृपया सविस्तर सांगा.