हवामानाच्या बातम्यांनी हातपाय गळतात तेव्हा: तुम्हाला जे नीट येतं ते लिहा (अनुभव धागा)

मासुंदा
सकाळपासून कोसळतोय. ठाण्याच्या तलावपाळीला पाणी काठाला टेकलेलं पाहिलं आणि २६ जुलै २००५ आठवला. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी. तेव्हा सगळे म्हणाले, असा पाऊस जन्मात एकदाच. आता तसं म्हणायला जीभ रेटत नाही. मुलं विचारतात, आमचं काय होणार? त्यांना पोकळ धीर द्यायचा नाही, म्हणून हा धागा. आत्मकथा नको. किती, कशाने, कुठे फसतं, एवढं लिहा.

माझ्याकडून गच्चीचं पाणी. १ चौ. मी. वर १ मिमी पाऊस म्हणजे १ लिटर. गच्ची १०० चौ. मी., पाऊस २५०० मिमी धरा, वाया जाणारं वजा करून ८० टक्के हाती लागतं: २ लाख लिटर! पहिल्या पावसाचं दीड-दोनशे लिटर सोडून द्यायचं, त्यात कबुतरांची घाण असते. मग गाळणी, तिथून शोषखड्ड्यात, म्हणजे पाणी जमिनीत जिरतं. गाळणीच्या तळाला गोटे, त्यावर खडी, त्यावर वाळू. खडी आणि वाळूच्या मध्ये नायलॉनची जाळी हवीच, नाहीतर वाळू खाली उतरते आणि गाळणी तुंबते. वरची दोन इंच वाळू दर मे महिन्यात काढून धुवायची.

वाशीचा भराव
ताई, हे डोंगराच्या अंगाला ठीक. इकडे खाडीलगत भरावाची जमीन, पावसाळ्यात थोडं खणलं की पाणी लागतं, तेही मचूळ. शोषखड्डा आधीच भरलेला असतो, जिरणार कुठे? इथे साठवायचं. झाकण घट्ट, हवेच्या नळीला डासांची जाळी, पाणी फ्लशला आणि जिने धुवायला.
दुसरं, भरतीचं कोष्टक. साडेचार मीटरच्या वरची भरती आणि मुसळधार एकाच वेळी आली तर धारण तलावांची (पावसाचं पाणी साठवून खाडीत सोडणाऱ्या तळ्यांची) झडपं बंद राहतात, कारण उघडली तर खाडीच आत येईल. तेवढे तास पाणी तुंबणार. ते दिवस मे महिन्यातच कॅलेंडरवर लाल करा, आदल्या रात्री तळघरातल्या गाड्या वर काढा. पंपाचा स्विचबोर्ड तर कायमचाच कमरेच्या वर हवा.

डाळ शिजतेय
वाचतेय. मुलांचा प्रश्न आमच्याकडेही तोच आहे हो. कुकर झाला की येते.

तिवर
खाडीवर रोपं लावायला जायचं म्हणणाऱ्यांसाठी. खारफुटी लावण्यापेक्षा तिच्यापर्यंत भरतीचं पाणी पोचवणं जास्त कामाचं. भराव किंवा राडारोड्याने नळ्या (भरतीचं पाणी आत-बाहेर नेणारे चिंचोळे ओहळ) बुजतात, आत पाणी साचून राहतं, श्वसनमुळं गुदमरतात आणि तिवरं उभ्याउभ्या वाळतात. नळी मोकळी झाली की बिया भरतीबरोबर आपसूक येतात, कुणी लावावं लागत नाही. म्हणून बुजलेली नळी दिसली की भरतीचा एक, ओहोटीचा एक असे दोन फोटो, जागेच्या खुणेसह, वनखात्याच्या कांदळवन कक्षाला पाठवा. परस्पर खणू नका. उच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालाने खारफुटीभोवती ५० मीटरचा पट्टाही राखीव आहे.
उघड्या चिखलावर रोपं लावू नयेत, ते रोहित पक्ष्यांचं (फ्लेमिंगोंचं) ताट आहे. सफाईत मुळांत अडकलेलं प्लास्टिक ओढू नका, मुळं तुटतात. कात्रीने कापून काढा.

ऐरोली पूल
तिवरदादा, रोहित बघायला कधी जावं? पाहुणे येतायत.

तिवर
डिसेंबर ते मे. भरतीच्या आगेमागे दोन तास. ओहोटीला थवे लांब चिखलावर पांगतात, काठावरून नुसती गुलाबी रेघ दिसते. ठाणे खाडी २०१५ मध्ये अभयारण्य झाली, २०२२ मध्ये रामसर यादीत आली. पाहुण्यांना हेही सांगा.

छपरावरचा
सौर. १ किलोवॉटला साधारण १० चौ. मी. बिनसावलीची जागा, वर्षाची सरासरी दिवसाला ४ युनिट. जुलैत निम्म्यावर येतं, घाबरू नका. घरगुती ३ किलोवॉटला केंद्राचं अनुदान ७८,००० रुपये, सोसायटीच्या सामाईक वापराला किलोवॉटमागे १८,०००. टाकीची सावली एका पॅनेलच्या कोपऱ्यावर पडली तरी रांगेतल्या बाकीच्यांची वीज घटू शकते, म्हणून आधी डिसेंबरातली सावली मोजा, तेव्हा ती सर्वांत लांब असते.
खाडीची हवा लोखंड खाते. सांगाडा गरम जस्तात बुडवलेला घ्या. जागेवर भोकं पाडू देऊ नका, गंज तिथूनच धरतो. पाडलीच तर जस्ताचा रंग लावा. आणि समितीला आधीच सांगा: वीज गेली की साधी ग्रिडवरची यंत्रणाही बंद पडते, लाइनवर काम करणाऱ्याला धक्का बसू नये म्हणून. हे न सांगितल्याने पुढे भांडणं होतात.

फळा-खडू
मुलांना काय सांगायचं? खरं तेच. २०१५ च्या आसपास अंदाज शतकाअखेर, औद्योगिक काळाआधीच्या तुलनेत, सुमारे ४ अंश तापमानवाढीचा होता, आता तो ३ अंशांच्या आसपास आहे. हेही फार आहे, पण खाली आलाय, आणि लोकांच्या कामामुळे आलाय. कार्बनचं निव्वळ उत्सर्जन शून्यावर आलं की तापमानाची वाढही जवळपास थांबते, असं शास्त्र सांगतं. म्हणजे वेळ टळून गेलीय असं नाही, अंशाचा प्रत्येक दहावा भाग मोलाचा आहे. ओझोनचंही सांगा. ओझोनचा थर विरळ करणारी रसायनं बंद करण्याचा १९८७ चा माँट्रियल करार देशांनी पाळला, म्हणून अंटार्क्टिकावरचा थर २०६६ च्या सुमारास पूर्ववत होईल असा अंदाज आहे. सातवीच्या मुलांना हे छान कळतं.

डाळ शिजतेय
आले. ओझोनचं आजच सांगते लेकीला. माझ्याकडून खत. ओला कचरा एक वाटी तर सुका पाला दोन वाट्या, दर वेळी. विरजण म्हणून आंबट ताक. मूठ दाबून बघा: एखाद-दोन थेंब आले तर बरोबर, धार लागली तर पाला वाढवा. वास आला की समजा हवा नाही, उकरा. कचराभूमीत हाच कचरा हवेविना कुजून मिथेन होतो, शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या जवळपास २८ पट तापवणारा. अळ्या दिसल्या तर टाकू नका, त्या कामाच्या. पावसाळ्यात पाला मिळत नाही, मार्च-एप्रिलमध्ये गोण्या भरून ठेवायच्या. माझा संपलाय.

घोडबंदर गल्ली
काकू, आमच्याकडे सहा गोण्या आहेत, पर्जन्यवृक्षाचा पाला. सातनंतर या. चाळणी आणा, काटक्या फार आहेत.

डाळ शिजतेय
दोन नेते. पाऊस थांबला की निघते.